कर, करा, करू या



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी ऐकू येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'आज्ञार्थ' असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, आणि मग त्यांनी अदबीने विचारले, "म्हणजे व्याकरणातला?" होय, व्याकरणातलाच. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रपाळी संपल्यावर. पण आज्ञार्थ आम्ही पुस्तकात शिकलो नाही. तो मागाच्या खडखडाटात शिकलो, आणि त्याचा पहिला धडा होता, "ए, इकडे ये." ज्याच्या वाट्याला रोज हुकूम येतो, त्याला हुकमाचे व्याकरण कळायला वेळ लागत नाही. हुकूम सोडणाऱ्याला मात्र ते पुष्कळदा आयुष्यभर कळत नाही. म्हणून हा विषय.

प्रथम रूपे पाहू. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. या मंडळींनी मांडून ठेवलेली व्यवस्था अशी की, एकेरी आज्ञा म्हणजे नुसता धातू. कर, बस, ऊठ, बोल, आण. त्याला काही जोडावे लागत नाही. काळ नाही, लिंग नाही, प्रत्यय नाही. क्रियापदाचे सर्वांत उघडे रूप हेच. आदराने किंवा अनेकांना सांगायचे तर त्याला एक 'आ' लागतो. करा, बसा, उठा, बोला, आणा. शेवटी 'ए' असलेले धातू थोडे वळण घेतात. ये चे या, दे चे द्या, घे चे घ्या, ने चे न्या. पी चे प्या होते, लिही चे लिहा, आणि हो चे व्हा. एवढ्या एका 'आ'मध्ये आपल्या समाजाची निम्मी इज्जत साठवलेली आहे. तो उच्चारायला श्वास लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तरी तो तोंडातून निघता निघत नाही.

गंमत अशी की, काही धातूंना भाषेने ही सोयच ठेवलेली नाही. जा, खा, गा. पोरालाही 'जा' आणि मामलेदारालाही 'जा'. तेथे आदर दाखवायचा तर 'तुम्ही' किंवा 'अहो' हा शब्द वेगळा आणावा लागतो. आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले आहे, कामावरून काढताना मालकाला व्याकरणाची अडचण कधी येत नाही. तेथे 'जा' सर्वांना सारखेच लागू पडते.

नकाराचे रूपही पाहण्यासारखे आहे. करू नकोस, करू नका. हा 'नको' म्हणजे पंगतीत भात नाकारताना आपण म्हणतो तोच. आपली मनाई मुळात 'मला ते नको आहे' अशी आहे. म्हणजे मनाई करणाऱ्याची नापसंती तीत बोलून दाखवलेली असते. सरकारी पाटीला नापसंती दाखवायची नसते. तिला अंतर ठेवायचे असते. म्हणून ती 'येथे थुंकू नये' असे लिहिते. हा विध्यर्थ. 'कामगारांनी वेळेवर यावे' यात कोण बोलतो हेही दिसत नाही आणि कोणाला बोलतो हेही नीट दिसत नाही.

बोलण्यात आपण हुकमाला मऊ करण्याच्या युक्त्या पुष्कळ काढल्या आहेत. आई मुलाला 'सांग पाहू', 'जा बघू' म्हणते. पुण्याकडे 'ये ना' म्हणतात, आपल्या सोलापुरात 'ये की'. या 'की'ने हुकमाची विनंती होते आणि विनंतीत थोडे प्रेमाचे दटावणेही राहते. आणखी एक युक्ती आहे, ती फार हुशारीची. समोरच्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हे ठरत नसले की आपला माणूस म्हणतो, "उद्या लवकर यायचं हं", "आता जेवून घ्यायचं". यात तूही नाही, तुम्हीही नाही. नवरा-बायकोंनी, सासू-सुनांनी आणि मुकादम-कामगारांनी या 'यायचं'च्या आडोशाला जन्म काढलेले आम्हांला ठाऊक आहेत.

हे झाले मराठीचे. पण सोलापूर एका भाषेचे गाव नाही. १८७७ साली येथे जुनी गिरणी चालू झाली आणि मागाहून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्या साच्यांवर मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषांची माणसे उभी राहिली. त्या गिरण्या आज नाहीत, पण यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि विडी कारखान्यात त्या चारही भाषा अजून आहेत. कानडी माणूस धाकट्याला 'बा' म्हणतो, मोठ्याला 'बन्नि'. तेलुगूत धाकट्याला 'कूर्चो', म्हणजे बस. मोठ्याला 'कूर्चोंडि', म्हणजे बसा. दखनीत 'आ' आणि 'आओ', आणि फारच झाले तर 'आइए'. शिवण चारी भाषांत एकाच जागी आहे. खालच्याला तोकडा शब्द, वरच्याला शेपूट जोडलेला. म्हणून या गावात अपमानाला दुभाषा लागत नाही. तेलुगू कामगाराला मराठीतला 'ये' आणि 'या' यांतला फरक पहिल्या दिवशी समजतो, बाकीची मराठी यायला वर्ष लागते. उलट आदर मात्र कधी कधी भाषांतरात बिघडतो. तेलुगूत मानाने 'या' म्हणण्यासाठी जो शब्द आहे, तो ऐकून नवख्या मराठी माणसाचा चेहरा लाल होतो. तो शब्द आम्ही या सभेत उच्चारत नाही. पूर्व भागात राहणाऱ्या श्रोत्यांना हसू आलेलेच आहे. ज्याला आपण शिवी समजतो तो समोरच्याचा मान असू शकतो, एवढे त्यातून घ्यावे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. गाव हेच, शेडचे नाव सांगण्याचे कारण नाही. मालकाचा मुलगा कॉलेज संपवून नुकताच धंद्यात आला होता. वय विशीचे. एके सकाळी तो एका कामगाराला म्हणाला, "ए, तो बीम उचल." कामगाराचे वय अठ्ठावन्न. या मुलाच्या बापाला धोट्यात कांडी कशी घालतात हे त्याने दाखवले होते. त्याने माग बंद केला आणि शांतपणे विचारले, "उचला म्हणायला पैसे पडतात का?" मुलगा चिडला, त्याने आणखी दोन एकेरी वाक्ये ऐकवली. तासाभरात सगळी शेड बंद.

आम्हांला बोलावणे आले. आम्ही गेलो, आणि खरे सांगायचे तर वैतागलो. त्याच महिन्यात मजुरीच्या दराची बोलणी चालू होती. आम्ही त्या गृहस्थाला बाजूला घेऊन म्हणालो, "दराचे आधी होऊ द्या, शब्दाचे मागाहून बघू." तो म्हणाला, "दर तुम्ही आणाल. हे कोण आणणार?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही मागण्यांचे कागद लिहीत आलो आहोत. पगार, भविष्यनिर्वाह निधी, पाण्याची सोय, संडास, सर्व त्यांत आले. 'आम्हांला अहो म्हणा' हे कलम त्यांत कधी आले नाही. ते लिहायला आम्हांला लाज वाटली असती. ती लाज त्या मुलाला वाटायला हवी होती, आणि वाटत होती आम्हांला!

शेड तीन दिवस बंद राहिली. चौथ्या दिवशी मालक स्वतः पाळीच्या वेळी दाराशी उभा राहिला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला "या" म्हणाला. कागद झाला नाही, सही झाली नाही. मुलगा मागे उभा होता. त्याला ते म्हणायला आणखी आठवडा लागला, पण तो म्हणाला. त्या वर्षी मजुरी किती वाढली हे आज त्या शेडमध्ये विचाराल तर कोणाला आठवणार नाही. तो 'या' मात्र सर्वांना आठवतो.

कायदा यात काय म्हणतो? १९४६ साली औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा झाला. मालकाचे नियम तोंडी न राहता लेखी असावेत, आणि ते बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही फळ्यावर लावावेत, असे त्याने सांगितले. ही मोठीच गोष्ट होती. त्यातील नमुना आदेशांप्रमाणे वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी हुकूम जाणूनबुजून मोडणे ही गैरवर्तणूक ठरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. आम्ही चौकशांत कामगारांची बाजू मांडत आलो, तेथे नेहमी हे दोन शब्द तपासले जात. हुकूम कायदेशीर होता काय? वाजवी होता काय? तो कोणत्या तोंडाने दिला, हे कोणी विचारत नसे. 'बीम उचल' हा हुकूम कायदेशीर आहे आणि वाजवीही आहे. कायद्याच्या कलमात धातू असतो, प्रत्यय नसतो.

हा प्रश्न फक्त आपला आहे असे समजू नका. स्पॅनिश भाषेत हीच भानगड आहे. तेथे 'बोल' म्हणायला 'आब्ला' आणि 'बोला' म्हणायला 'आब्ले'. शेवटच्या एका स्वराचा फरक, आपल्यासारखाच. आपल्या 'ये', 'दे', 'घे' सारखे त्यांचेही काही अगदी आखूड शब्द आहेत. 'वेन' म्हणजे ये, 'दी' म्हणजे सांग, 'पोन' म्हणजे ठेव. रोजच्या वापराने धातू झिजून लहान होतात, ही गोष्ट सोलापुरात खरी तशी माद्रिदमध्येही खरी. आदराने 'तुम्ही' म्हणायचा त्यांचा शब्द 'उस्तेद'. तो 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून झाला आहे. म्हणजे मालकापुढे तोंड उघडायचे तर आधी त्याच्या कृपेचे नाव घ्यायचे! जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक १९३६ च्या डिसेंबरात बार्सिलोना शहरी गेला, तेव्हा कामगारांनी शहराचा ताबा घेतला होता. त्याने नोंदवले आहे की, हॉटेलातले वाढपी गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत आणि 'उस्तेद' हा शब्द तात्पुरता नाहीसा झाला होता. जो तो दुसऱ्याला एकेरी बोले. त्याआधी १७९३ साली फ्रान्सच्या क्रांतिकारकांनीही सर्वांनी सर्वांना एकेरी बोलावे असा आग्रह धरला होता. स्वीडनमध्ये १९६७ साली आरोग्य खात्याच्या नव्या प्रमुखाने, ब्रूर रेक्सेद याने, आपण सर्व सहकाऱ्यांना एकेरीच हाक मारणार असे जाहीर केले, आणि त्या सुमारास सगळा देश त्या वाटेने गेला.

हे वाचून आमचे काही तरुण मित्र उत्साहाने म्हणाले, "आपणही तेच करू. सर्वांना तू!" आम्ही त्यांना म्हणालो, थांबा. तेथे वरचा खाली उतरला, म्हणून 'तू' ही समता झाली. येथे ज्यांना पिढ्यान्पिढ्या गावच्या वेशीपासून 'तू'च ऐकावे लागले, ज्यांच्या आजोबालाही पाटलाच्या शेंबड्या पोराने एकेरी हाक मारली, त्यांना आपण समता म्हणून पुन्हा 'तू'च वाढायचा काय? बाबासाहेब आंबेडकरांचा संदेश मराठीत घरोघर पोचला तो 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या रूपात. तो अनेकांना उद्देशून आहे म्हणून अनेकवचन आले, हे व्याकरण बरोबर आहे. पण ज्याला जन्मभर 'कर' ऐकू आले त्याच्या कानाला 'करा' कसे लागले असेल, ते व्याकरणात सापडणार नाही.

मग 'तू' वाईट आहे काय? मुळीच नाही. आईला आपण 'तू' म्हणतो. विठ्ठलाला 'तू' म्हणतो. बालमित्राने आपल्याला 'तुम्ही' म्हटले तर आपल्याला वाईट वाटते, की याचे काही बिनसले आहे. आपल्या गावचा 'बे' घ्या. परगावचा माणूस 'काय बे' ऐकून दचकतो, पण दोन सोलापुरी दोस्त भेटले की त्या 'बे'शिवाय त्यांचे बोलणे सुरू होत नाही. तोच 'बे' साहेबाने शिपायाला लावला की शिवी होते. शब्द तोच, मग बदलले काय? १९६० साली ब्राउन आणि गिलमन या दोन अभ्यासकांनी युरोपच्या भाषांतील एकेरी-अनेकेरीचा विचार करताना हाच भेद दाखवला. एक 'तू' सत्तेचा, एक 'तू' सलगीचा. आमच्या कामगारी भाषेत आम्ही त्याची परीक्षा अशी करतो : मिळालेला 'तू' परत करता येतो काय? तुम्ही मला 'ये' म्हणालात आणि मीही तुम्हांला 'ये' म्हटले तर चालेल काय? चालत असेल तर ती दोस्ती आहे. चालत नसेल, तर तो 'तू' कितीही गोड आवाजात म्हटला तरी हुकूमच आहे.

ही परीक्षा दुसऱ्याला लावणे सोपे असते. आम्ही ती घरी लावून पाहिली आणि नापास झालो. आमच्या घरात "चहा आण" जात होते आणि "अहो, जेवायला या" येत होते. तीस वर्षे कामगारांच्या मानासाठी भांडणाऱ्या माणसाच्या घरी ही परत न करता येणारी एकेरी सुखाने नांदत होती. घरातले एक सोडा, युनियनच्या हापिसातलेही सांगतो. विडी वळणाऱ्या बायकांची सभा होती. विड्या देताना "ए, पुढे सरक" अशी जी भाषा त्यांना ऐकावी लागे, तिच्याविरुद्ध आम्ही जोरात बोललो, टाळ्याही पडल्या. सभेनंतर एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तिथला 'ए' तुम्ही बंद कराल. पण इथं आल्या आल्या तुम्ही मला 'सतरंजी घाल' म्हणालात, त्याचं काय?" आम्ही म्हणालो, "चुकलो." त्या म्हणाल्या, "चुकलो म्हणू नका. सतरंजीचं दुसरं टोक धरा."

त्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितले ते कळायला आम्हांला बराच काळ गेला. प्रश्न नुसता 'घाल'च्या ठिकाणी 'घाला' म्हणण्याचा नाही. 'घाला' म्हणून हात बांधून उभे राहणारे पुष्कळ आहेत. मऊ हुकूम हाही हुकूमच. आमच्या चळवळीचे बरेच नुकसान आम्ही याच चुकीने केले. गेटवर उभे राहून 'माग बंद करा', 'बाहेर या', 'वर्गणी द्या' असे सांगत राहिलो. सर्व आदरार्थी, सर्व व्याकरणशुद्ध. पण ठरवणारे आम्ही आणि करणारे ते. जे संप असे हुकमाने पुकारले, त्यांतले पुष्कळ पंधरा दिवसांत मोडले. कामगाराने मुकादमाच्या जागी आम्हांला बसवले होते, एवढेच.

मराठीच्या आज्ञार्थात आणखी रूपे आहेत, ती आपण विसरतो. तृतीयपुरुषाचे रूप आहे, येवो, होवो, असो. ते प्रार्थनेचे रूप. पसायदानातले मागणे याच रूपात आहे आणि आमच्या मोर्चातले 'विजय असो' हेही याच रूपात. तेथे हुकूम कोणालाच नसतो, इच्छा सर्वांची असते. आणि प्रथमपुरुषाचे रूप आहे, करू, जाऊ, बसू, त्यापुढे 'या' जोडून करू या, जाऊ या, बसू या. हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा ज्यात एकच आहे अशी ही आज्ञा आहे. इतर रूपांत बोलणारा बाहेर उभा राहू शकतो. 'करू या' म्हणणाऱ्याला सतरंजीचे दुसरे टोक धरावेच लागते, नाहीतर ते वाक्य खोटे पडते.

या रूपाचा कर्ता कोण? 'आपण'. हा शब्द कसा आहे पाहा. मराठीत समोरच्याला जास्तीत जास्त मान द्यायचा तर आपण त्याला 'आपण' म्हणतो : आपण बसावे, आपण बोलावे. आणि समोरच्याला आपल्यात घ्यायचे असले तरीही 'आपण'च म्हणतो : आपण मिळून करू. थोर मान आणि सामील करून घेणे, दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. ही योजना कोणा पंडिताने केलेली नाही. ती बोलणाऱ्या माणसांनी केली आहे, आणि आमच्या मते तिच्यात मोठे शहाणपण आहे. ज्याला ठरवताना बरोबर घेतले, त्याला मान निराळा द्यावा लागत नाही.

श्रोतेहो, आज सबंध व्याख्यानभर आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणत आलो. व्यासपीठावरची ती जुनी चाल आहे. पण या 'आम्ही'त समोर बसलेले तुम्ही येत नाही, हे आमच्या लक्षात आहे. शेवटी एक काम सुचवतो, हुकूम नव्हे. उद्यापासून आठ दिवस आपल्या तोंडून दिवसाकाठी किती आज्ञा निघतात ते मोजावे. भांडी घासणाऱ्या बाईंना, रिक्षावाल्याला, दुकानातल्या पोऱ्याला, सुनेला, शिपायाला. त्यांतल्या किती जशाच्या तशा परत आल्या तर आपल्याला चालतील, तेही मनाशी पाहावे. ज्या चालणार नाहीत, तेथे निदान तो एक 'आ' जोडावा. आणि जमेल तेथे टोक धरावे.

सभा संपली म्हणजे चालक मंडळींना खुर्च्या आणि सतरंज्या उचलाव्या लागतात. दर वर्षी आपण उठून जातो आणि ती मागे राहतात. आज जाताना आपण त्या उचलू लागू या.